श्रद्धेचे मोल

महाराष्ट्रातील शाळांतून ज्यांच्या कविता अनेक पिढ्यांनी पाठ केल्या, त्या कवींमध्ये नारायण वामन टिळक यांचे नाव अग्रभागी आहे. रानात एकाकी उमललेले फूल, शिकाऱ्याने घायाळ केलेली आणि तशाही स्थितीत पिलांसाठी घरट्याकडे धडपडत जाणारी पक्षिणी, अशा लहान जिवांची सुखदुःखे त्यांनी आपलीशी केली. म्हणून लोक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणू लागले. परंतु एवढ्या कोमल मनाच्या या कवीला आपल्याच माणसांचे काळीज दुखवील असा एक निर्णय घ्यावा लागला. 1895 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. त्या निर्णयाचे मोल त्यांनी जन्मभर मोजले आणि त्यांच्या पत्नीने तर ते त्यांच्याही आधी मोजले. टिळकांचे चरित्र पाहावयाचे तर लक्ष्मीबाईंचे चरित्र त्यापासून वेगळे करता येत नाही.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव या खेड्यात एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई भाविक होती आणि तिला कवितेची गोडी होती. देवाची गाणी आणि संतांचे अभंग नारायणाने प्रथम ऐकले ते तिच्याच तोंडून. तो अकरा वर्षांच्या सुमाराचा असताना ही आई निवर्तली. तिच्या मागे त्या घरात त्याचे मन रमेना. अखेर तो घर सोडून निघाला आणि नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले या विद्वान पंडितांकडे त्याला संस्कृतचे शिक्षण मिळाले. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र फार काळ लाभले नाही. जे काही पुढे मिळविले, ते स्वतःच्या वाचनाने आणि बुद्धीच्या बळावर.

1880 साली टिळकांचा विवाह झाला. वधू नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांची मनकर्णिका. तिचे वय त्या वेळी अकरा-बारा वर्षांचे होते. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिला शाळेचे शिक्षण मिळालेले नव्हते. पण तिची बुद्धी तल्लख, बोलणे रोखठोक आणि दृष्टी मोठी विनोदी होती. संसाराच्या आरंभापासूनच तिच्या विनोदबुद्धीची कसोटी लागली. टिळक एका ठिकाणी फार दिवस टिकत नसत. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी नियतकालिकाचे संपादक अशी त्यांची कामे बदलत. हातात पैसा आला की तो कोणा गरजवंताच्या हाती जाई आणि घरात उद्याची चिंता उरे. मनात आले म्हणजे ते न सांगता घराबाहेर पडत आणि काही दिवसांनी जसे गेले तसेच परत येत. लक्ष्मीबाईंना या जाण्यायेण्याची हळूहळू सवय झाली. गेलेला माणूस परत येतोच, असा त्यांचा अनुभव होता.

पुढे टिळक नागपूरला गेले. तेथील धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. संस्कृतात ते शीघ्रकविता करीत आणि पंडितांच्या सभेत त्यांना मान मिळे. बाहेरून पाहणाऱ्यास त्यांचे जीवन आता मार्गी लागले असे वाटले असते. पण त्यांच्या अंतःकरणात एक प्रश्न वर्षानुवर्षे घोळत होता. सर्वांचा निर्माता जर एक, तर त्याच्या लेकरांपैकी काहींनी काहींना शिवूही नये, हे कसे? त्या काळी कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणी कोणाच्या पंगतीस बसावे, कोणाची सावलीही टाळावी, याचे कडक नियम होते. ज्या धर्मात माणूस माणसाला भाऊ मानील, असा धर्म असावा, असे टिळकांना वाटे. आणि त्याची तत्त्वे कोणती असावीत, याची मांडणीही ते मनाशी करीत.

अशा मनःस्थितीत 1893 साली ते आगगाडीने राजनांदगावला निघाले. हे गाव आज छत्तीसगड राज्यात आहे. त्या वेळी ती एका लहानशा संस्थानाची राजधानी होती. गाडीच्या डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक परदेशी मिशनरी भेटले. दोघांचे बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावरून आणि तेथून ते धर्माकडे वळले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांना त्या पुस्तकाची ओढ होती असे नव्हे. पण वाचीन असा शब्द दिला होता आणि तो त्यांनी पाळला. हाती पेन्सिल घेऊन, जागोजागी खुणा करीत ते वाचू लागले. येशू ख्रिस्ताने डोंगरावर आपल्या शिष्यांना केलेल्या उपदेशापाशी ते आले आणि तेथे त्यांचे मन जडले. वैऱ्यावरही प्रेम करावे, दीनांना धन्य मानावे, देवाला पिता म्हणावे, ही शिकवण वाचताना आपण ज्याचा शोध करीत होतो ते येथे आहे, असे त्यांना वाटले.

मनाला पटणे आणि ते उघडपणे स्वीकारणे, यांत मात्र फार मोठे अंतर होते. ते अंतर तोडण्यास टिळकांना दोन वर्षे लागली. आपण काय गमावणार आहोत, हे त्यांना पुरते ठाऊक होते. 1850 च्या एका कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क सुरक्षित ठेवला होता, पण पंगतीतले पान, विहिरीवरचे पाणी आणि आप्तांचा उंबरठा कोणत्याही कायद्याने परत मिळण्यासारखा नव्हता. जातीबाहेर गेलेल्या माणसाच्या घरी कोणी जेवत नसे आणि त्याला कोणी जेवायला बोलावीत नसे. त्याच्या मुलांना मुली कोणी देत नसे. एवढेच काय, त्याच्याबरोबर राहणारी पत्नीही जातीबाहेर गेली असेच समजले जाई. राजनांदगावात त्यांच्या विचारांचा सुगावा लागताच ओळखीचे लोक दूर राहू लागले. अखेर टिळक मुंबईस आले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता एका भारतीय पाळकाच्या हातून घ्यावयाचा, असा त्यांचा आग्रह होता. आपण धर्म बदलीत आहो, देश बदलीत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी दाखवून द्यावयाचे होते.

या निर्णयाच्या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. त्या आपल्या माणसांत होत्या आणि त्यांचा मुलगा दत्तू अवघा तीन-चार वर्षांचा होता. ज्याच्या भरवशावर संसार उभा, त्या पुरुषाने सर्वस्व पालटून टाकणारा निर्णय घेतला आणि तो त्यांना आप्तांकडून कळला.

त्यांच्यावर कोसळलेला आघात केवढा होता, हे समजण्यासाठी त्यांचे बालपण ध्यानात घ्यावे लागते. त्यांचे वडील सोवळ्याच्या बाबतीत इतके कडक होते, की ती त्यांच्या मनाची व्यथाच होऊन बसली होती. 1857 च्या उठावानंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी देण्यात आले होते. त्या भयंकर प्रसंगाने वडिलांच्या मनाचा तोल ढळला आणि जगातील प्रत्येक वस्तू विटाळलेली आहे, असे त्यांना वाटू लागले. बाजारातून आणलेले जिन्नस ते धुऊन घ्यायला लावीत. मीठ आणि साखरही त्यातून सुटत नसे. धुता धुता मीठ पाण्यात विरघळून जाई, पण नियम विरघळत नसे. अशा घरात वाढलेल्या मुलीला शिवाशिव हा केवळ शिष्टाचार नव्हता. श्वासाइतकीच ती तिच्या अंगवळणी पडली होती. अशा स्त्रीचा पती आता कोणाच्याही हातचे खाणारा, कोणाच्याही पंगतीस बसणारा झाला होता.

बातमी ऐकून लक्ष्मीबाईंना वेड लागण्याची पाळी आली. काही काळ त्यांना जगण्याचीही इच्छा उरली नाही. त्यांच्या स्थितीला समाजात नावच नव्हते. कपाळावर कुंकू होते, म्हणून त्या विधवा नव्हत्या; पती जिवंत होता, पण त्याच्या घरी पाऊल टाकता येत नव्हते, म्हणून त्या सधवा असूनही नसल्यासारख्या होत्या. कोणी कीव करी, कोणी टोमणे मारी. सुदैवाने त्यांची बहीण व इतर आप्त यांनी त्यांना आधार दिला. पंढरपुरात त्यांनी दत्तूला घेऊन दिवस काढले. भीमेच्या काठी, विठ्ठलाच्या देवळाच्या सावलीत राहून त्या देवाला रोज एकच मागणे मागत असतील, याची कल्पना कोणालाही करता येईल. अक्षरओळख बेताचीच, तरी त्या दुःखात त्यांच्या मनात ओळी जुळू लागल्या. महाराष्ट्राची एक थोर लेखिका अशी विरहाच्या चुलीपाशी घडत होती.

इकडे टिळकांचे दिवसही सुखाचे नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहिले. ज्या ब्राह्मण मित्रांच्या सभांत त्यांना मान होता, तेथे आता त्यांना स्थान नव्हते. काही ओळखीचे लोक रस्त्यात तोंड चुकवीत. नव्या धर्मबंधूंमध्ये त्यांना आदर मिळाला. परंतु घरात बाळ नव्हते आणि चूल पेटविणारे कोणी नव्हते. त्यांनी लक्ष्मीबाईंना पत्रे लिहिली, पैसे पाठविले, परत येण्याविषयी विनवले. पूर्वी न सांगता घर सोडून जाणारा हा माणूस आता दुसऱ्याच्या परत येण्याची वाट पाहत बसला होता. दैवाने जणू दोघांच्या जागा बदलल्या होत्या. आपण ज्याला सत्य मानले त्यासाठी स्वतः दुःख सोसणे कठीण असते. पण त्या सत्यापायी आपली प्रिय माणसे दुःख सोसतात हे पाहणे त्याहूनही कठीण असते. टिळकांना हे दोन्ही भोग भोगावे लागले.

अशी चार-पाच वर्षे लोटली. मुलगा वाढत होता आणि त्याला वडील हवे होते. लक्ष्मीबाईंच्या मनात एकीकडे जात, आप्त आणि जन्मापासूनचे संस्कार होते. दुसरीकडे पती आणि मुलाचे भवितव्य होते. शेवटी त्यांनी धीर केला आणि दत्तूला घेऊन त्या अहमदनगरला आल्या. मात्र त्या आल्या त्या आपला धर्म बरोबर घेऊन. पतीच्या सहवासात राहावयाचे, पण आपला आचार सोडायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. त्यांची चूल वेगळी, पाण्याची भांडी वेगळी, सोवळेओवळे वेगळे. एका घरात दोन धर्म नांदू लागले. टिळक बाहेरच्या कोणाही जातीच्या मनुष्याला घरात आणून बसवीत आणि लक्ष्मीबाई आपल्या पाण्याच्या हंड्याची राखण करीत. या संसारात हसू येण्याजोगे प्रसंग पुष्कळ घडले आणि ते पुढे लक्ष्मीबाईंनीच मोठ्या खुबीने लिहून ठेवले.

या काळात टिळकांच्या स्वभावातील एक मोठेपणा दिसून येतो. ते मुळात उतावळे आणि तापट होते. एखादी गोष्ट मनात आली की ती त्याच क्षणी झाली पाहिजे, असा त्यांचा बाणा असे. पण पत्नीच्या धर्माच्या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. श्रद्धा ही दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याची वस्तू नव्हे; ती ज्याच्या त्याच्या अंतःकरणात उगवावी लागते, हे त्यांनी जाणले होते. बीज पेरून शेतकरी जसा पावसाची वाट पाहतो, तशी त्यांनी वाट पाहिली.

आणि एके दिवशी पाऊस आला. लक्ष्मीबाई विचार करू लागल्या. देवाने माणसे निर्माण केली तेव्हा त्यांच्या कपाळावर जाती लिहून पाठविल्या होत्या काय? पशूंमध्ये आणि पक्ष्यांमध्ये निरनिराळे प्रकार डोळ्यांना दिसतात. माणसामाणसांत तसा भेद कोठे दिसतो? असे एकामागून एक प्रश्न त्यांच्या मनात उठले. त्यांची त्यांनाच उत्तरे सापडत गेली आणि जातिभेद हा माणसांनी केलेला आहे, असा त्यांचा निश्चय झाला. एकदा निश्चय झाल्यावर मागे पाहण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आरंभ केला. ज्या घरात मीठ धुतले जात असे, त्या घरच्या लेकीने शिवाशिवीचे सारे ओझे स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले. त्यानंतर काही काळाने, 1900 साली, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पतीच्या पावलावर पाऊल ठेवून आंधळेपणाने त्या गेल्या नाहीत. पाच वर्षे त्या आपल्या मताने दूर राहिल्या आणि आपल्याच विचाराने जवळ आल्या.

यानंतरचा त्यांचा संसार गरिबीचा पण भरलेला होता. टिळक मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मुलांसाठी निघणाऱ्या बालबोधमेवा या मासिकाशी त्यांचा निकट संबंध होता. ज्ञानोदय हे 1842 साली निघालेले जुने पत्र. त्याच्या मराठी भागाचे संपादन ते 1912 पासून करू लागले. घरात स्वतःच्या मुलांबरोबर अनाथ मुलेही वाढत. टिळकांनी कोणाला तरी हात धरून आणावे आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्या पानात भाकर कोठून वाढावी याचा विचार करावा, असा क्रम चाले. 1907 साली जळगावला झालेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाची कविता गाजली. निसर्गाचे हे लाडके कवी पुढे बालकवी म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनाही टिळकांच्या अहमदनगरच्या घरात मुलासारखी माया मिळाली. ज्या घरावर समाजाने बहिष्कार टाकला होता, त्या घराचे दार अशा रीतीने सर्वांना उघडे राहिले. लक्ष्मीबाईंच्या आप्तांपैकी काहींचा राग कालांतराने ओसरला आणि तुटलेले धागे पुन्हा जुळले.

टिळकांना आपल्या श्रद्धेसाठी आणखी एक मोल द्यावे लागले आणि ते नव्या धर्माच्या घरातच. ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाने पाश्चात्त्यांसारखा वेश करावा, त्यांच्या चालींवर भाषांतरित गीते गावी, हे त्यांना मुळीच पसंत नव्हते. लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेले अभंग त्यांच्या रक्तात भिनलेले होते. तुकारामांच्या अभंगांनी घातलेल्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. म्हणून त्यांनी ख्रिस्तभक्तीची गीते अभंगांत आणि ओव्यांत रचली, टाळमृदंगाच्या साथीने कीर्तने केली. मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही त्यांची गीते मोठ्या संख्येने गायली जातात. देशभक्तीच्या कविता तर ते प्रथमपासून लिहीत. धर्मांतर केलेला मनुष्य देशाला पारखा होतो, असा समज त्या काळी पुष्कळांचा होता. त्या समजाला टिळकांनी वाद घालून उत्तर दिले नाही. आपल्या कवितेने आणि राहणीने दिले.

मिशनमध्ये त्यांना चाहणारे परदेशी मित्रही होते. पण हिंदी ख्रिस्ती माणसाने आपल्या पायांवर उभे राहावे, परक्यांच्या पैशावर आणि हुकमावर चालू नये, हा विचार टिळकांच्या मनात दिवसेंदिवस बळावत गेला. 1917 साली त्यांनी मिशनच्या पगारी कामाचा त्याग केला. वय पंचावन्न वर्षांचे, प्रकृती थकलेली, गाठीस संपत्ती नाही. अशा वेळी हातची भाकरी त्यांनी बाजूला सारली. ते साताऱ्यास जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी देवाचा दरबार या नावाचा एक बंधुसमाज आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व भक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी जातीची भिंत ओलांडली होती. आता नव्या घरातही कोणी भिंत घालू नये म्हणून ते झटत होते. लक्ष्मीबाईंना पुन्हा एकदा अनिश्चित संसाराला सामोरे जावे लागले. या वेळी मात्र त्या पतीच्या शेजारी उभ्या होत्या.

दरबाराचे काम वाढण्यास टिळकांना अवधी मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. आपला देह पुरू नये, या देशाच्या रीतीप्रमाणे त्याचे दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे मुंबईत त्यांचे दहन झाले आणि त्यांची रक्षा अहमदनगरला नेण्यात आली. आपल्या भूमीशी असलेले नाते त्यांनी मृत्यूनंतरही तुटू दिले नाही.

त्यांच्यामागे त्यांचे एक मोठे काम अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध मराठीत गावे, म्हणून त्यांनी ख्रिस्तायन या महाकाव्यास आरंभ केला होता. पण पहिले काही अध्याय लिहून होतात न होतात तोच लेखणी थांबली. ती लेखणी लक्ष्मीबाईंनी उचलली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी अध्यायामागून अध्याय लिहीत ते काव्य पुढे नेले आणि त्यांचे पुत्र देवदत्त यांनी शेवटचा अध्याय लिहून शहात्तर अध्यायांचा तो ग्रंथ पुरा केला. हे देवदत्त म्हणजेच पंढरपुरात आईच्या पदराआड वाढलेला दत्तू. जी श्रद्धा एके काळी या तिघांना दूर करण्यास कारण झाली होती, तिच्याच ग्रंथात तिघांची अक्षरे शेवटी एकत्र आली.

लक्ष्मीबाईंनी आणखी एक अमोल ठेवा मराठीला दिला. 1934 पासून त्यांच्या आठवणी स्मृतिचित्रे या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागल्या. वडिलांचे सोवळे, पतीची न सांगता होणारी भटकंती, धर्मांतराचा वज्राघात, पंढरपूरचे दिवस, एका घरातील दोन चुली, हे सारे त्यांनी साध्या, बोलक्या भाषेत लिहिले. विशेष असे, की त्यात कोणाविषयी कडवटपणा नाही. ज्याने दुखविले त्याच्यावर राग नाही आणि स्वतःच्या दुःखाचे प्रदर्शन नाही. आपल्या चुकांवर त्या स्वतःच हसतात आणि वाचकालाही हसवितात. 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्यांच्या पुस्तकाची गणना होते.

टिळकांनी स्वीकारलेला धर्म प्रत्येकाने स्वीकारावा असे नाही. आणि त्यांच्यावर रागावलेली सारी माणसे वाईट होती असेही नाही. त्यांच्या आप्तांना ज्या गोष्टी पवित्र वाटत होत्या, त्या हातून जात आहेत या भयाने त्यांनी दार लावून घेतले. टिळकांना जे सत्य वाटले, त्यासाठी ते त्या दाराबाहेर गेले. या ओढाताणीत सर्वांत जास्त सोसले ते दाराच्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. मनुष्य आपल्या श्रद्धेसाठी त्याग करतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या घरालाही त्याग करावा लागतो. म्हणून ज्याला सत्याच्या वाटेने जावयाचे आहे, त्याने पायांत बळ ठेवावे आणि मागे राहिलेल्यांसाठी अंतःकरणात दया व धीर ठेवावा. टिळक थांबले, लक्ष्मीबाईंनी विचार केला, आणि दोघांनीही एकमेकांचे स्वातंत्र्य राखले. त्यामुळेच मोडलेले घर पुन्हा उभे राहिले आणि त्या घरातून मराठी भाषेला एक कवी आणि एक लेखिका मिळाली.